धुळीच्या कणाहूनही बारीक फट

बंद पडलेली हार्ड डिस्क एकदा उघडून बघा. आत आरशासारखी तबकडी, तिच्यावर आडवा आलेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला तिळाएवढं हेड. लिहिताना हे हेड तबकडीच्या लेपातला सूक्ष्म ठिपका एका किंवा उलट दिशेने चुंबकित करतं. वाचताना ती दिशा कुठे बदलते ते टिपतं. हेड जितकं जवळ, तितका ठिपका लहान करता येतो. म्हणून या यंत्राचा इतिहास म्हणजे हेड न टेकवता जवळ नेण्याची खटपट.

तबकड्यांआधी माहिती साठवायला फिरते चुंबकीय ड्रम होते. त्यांची फक्त बाहेरची बाजू कामी यायची, पोट रिकामं. गोदामातल्या एका वस्तूचा शिल्लक साठा पाहायचा तर बहुतेक ठिकाणी पंचकार्डांचे, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांचे, गठ्ठे उपसावे लागत. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने त्याऐवजी तबकड्यांची चळत लावली आणि १९५६ साली रॅमॅक हा अशी डिस्क असलेला संगणक आला: २४ इंची ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, साठवण ५० लाख अक्षरांची. म्हणजे आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो, आणि वजन टनभर!

एवढी मोठी तबकडी फिरताना थोडी डगमगणारच. हेड एका जागी पक्कं बसवलं तर घासणार. मग हेडमधून दाबाने हवा सोडून ते सुमारे ०.०२ मिलिमीटर वर धरलं. पन्नास तबकड्यांना मिळून हेडची एकच जोडी. लिफ्टसारखी वरखाली होऊन ती हव्या त्या फटीत शिरायची. लेपही सुरुवातीला फिरत्या तबकडीवर कागदी कपातून ओतला जाई, तोही बायकांच्या पायमोज्यातून गाळून, असं सांगतात.

१९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या ‘१३०१’ या मॉडेलमध्ये हवेचा पंप गेला. तबकडीच्या वेगाने ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तरंगू लागलं आणि प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचं हेड मिळालं. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ डिस्कने हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात घातल्या, वीज गेली की हलकं हेड वंगण लावलेल्या तबकडीवरच उतरायचं.

ठिपके इतके बारीक झाले की जुन्या हेडला ते जाणवेनात. १९८८ मध्ये आल्बेर फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे सापडलेल्या महाचुंबकरोधाने (चुंबकीय क्षेत्र जरा बदललं की विजेला होणारा रोध खूप बदलतो) वाट मोकळी केली. १९९७ मध्ये त्यावर चालणारी हेड बाजारात आली. नोबेल मात्र २००७ ला मिळालं.

आज ही फट काही नॅनोमीटरची आहे. नेहमीच्या डिस्कवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका अशी सूचना. आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळती राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं, आत गाळणी लावून. २०१३ पासून आलेल्या हेलियम भरलेल्या डिस्कमध्ये तेही बुजवलं.