पाण्यातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

पोहून लगेच धावायच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याची गेल्या उन्हाळ्यात एकच तक्रार होती. "मामा, पाण्यात मस्त वाटतं. पण वर येऊन पळायला लागलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय माझे वाटतच नाहीत." त्याच्या जिममधल्या दोस्ताने प्रोटीन कमी पडतंय असं सांगून महागडा डबा घ्यायला लावला. मोहोळची आजी म्हणाली, पाण्यातल्या आसरांनी धरलंय, आणि लिंबू उतरवून टाकलं. डब्याने फरक पडला नाही, लिंबानेही नाही. खरं कारण मात्र इतकं देखणं आहे की ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी खेळाबद्दल थोडं. याचे दोन प्रकार. ॲक्वाथलॉनच्या प्रमाण शर्यतीत एकूण १ किलोमीटर पोहायचं आणि ५ किलोमीटर धावायचं असतं. दुसरा स्विमरन, ज्यात पाणी आणि जमीन आलटून पालटून अनेकदा येतात. त्याची सुरुवात स्वीडनमधली. २००२ साली स्टॉकहोमजवळच्या उत्यो बेटावर चार मित्रांनी दोन-दोनच्या जोडीने पैज लावली की बेटांमागून बेटं पोहत-पळत सांधामला पोहोचायचं, आणि हरणाऱ्या जोडीने मुक्काम-जेवणाचा खर्च करायचा. त्यांना एक दिवसाहून जास्त वेळ लागला. २००६ पासून त्याच वाटेवर सुमारे ७५ किलोमीटरची रीतसर शर्यत होते. तिथे पळताना पोहायचा सूट अंगावरच असतो आणि पोहताना बूट पायातच. आमचा गडी विहिरीत, कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलेला. नोकरी सांभाळून सकाळी जलतरण तलाव आणि रविवारी पहाटे सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर लांब पळणं, एवढ्या भांडवलावर तो या खेळात उतरला.

आता मूळ मुद्दा. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. धमन्यांच्या भिंती जाड, शिरांच्या पातळ आणि सैल. पाण्याची पखाल आडवी ठेवली तर पाणी सगळीकडे पसरतं, उभी धरली की तळाचा भाग फुगतो. आडवा माणूस उभा राहिला की पायांच्या शिरांचं तेच होतं. अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. तेवढं रक्त हृदयाकडे परत यायचं राहतं, आणि जे आलंच नाही ते हृदय पुढे ढकलणार कुठून?

थोडा हिशेब करू. डॉक्टर रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, म्हणून एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण ७४ मिलिमीटर भरतो. रक्त पाण्याहून किंचित जड, १.०६ पट. त्यामुळे रक्ताच्या एक मीटर स्तंभाचा दाब ७८ मिलिमीटर. हृदयापासून पावलापर्यंतची उंची १.२ मीटर धरली, तर स्तब्ध उभ्या माणसाच्या पावलातल्या शिरेत ९० मिलिमीटरहून जास्त दाब असतो.

हाच माणूस गळाभर पाण्यात उभा केला तर? बाहेरचं पाणीही खोलीप्रमाणे दाबत जातं, आणि पाण्याची घनता जवळपास रक्ताइतकीच. आतला रक्ताचा स्तंभ शिरेला जेवढा फुगवतो, त्याला तोडीस तोड दाबाने बाहेरचं पाणी तिला चेपतं. शिरांच्या दृष्टीने गुरुत्वाकर्षण जवळजवळ उरतच नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसांच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर जास्तीचं रक्त आलं आणि हृदय दर मिनिटाला फेकत असलेलं रक्त ३२ टक्क्यांनी वाढलं. एका फुलपात्रात मावणार नाही एवढं रक्त, केवळ पाण्यात उतरल्याने! पोहताना तर माणूस आडवाच असतो. हृदयाला आयतं भरपूर रक्त मिळतं, एकेका ठोक्यात जास्त फेकलं जातं, म्हणून धावण्याच्या मानाने नाडी कमी राहते. लांब अंतराच्या फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतेक काम हातच करतात. पाय निवांत असतात, आणि या निवांतपणाची किंमत पुढे मोजावी लागते.

शिरांना झडपा असतात आणि त्या घरबसल्या पाहता येतात. विल्यम हार्वी या इंग्लिश वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ छापला, त्यात हा प्रयोग चित्रांसह दिला आहे. हात मिनिटभर खाली सोडा. मनगटाच्या वर एखादी शीर टरारून आली की तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तीच शीर कोपराच्या दिशेने निपटत न्या आणि दुसरं बोट उचला. मधला तुकडा सपाटच राहतो, वरचं रक्त खाली परत येत नाही, कारण झडप मिटलेली असते. आता पहिलं बोट उचला, शीर खालून भरून येते. पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते आणि झडपांमुळे रक्ताला वर जाण्यावाचून वाट नसते. चालायला लागल्यावर पावलातल्या शिरेतला तो नव्वदीचा दाब तिसाच्या आसपास उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही.

आता शिडी चढून वर येण्याचा क्षण पाहा. पाण्याचा वेढा सुटला, आडवा देह उभा झाला, आणि पोटरीचा पंप अजून लयीत आलेला नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. मेंदूकडे जाणारी धमनी जबड्याखाली जिथे दुभंगते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, दाबावर पाळत ठेवणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब उतरला की ती मेंदूला कळवतात. एक-दोन सेकंदांत नाडी वाढते, पण रक्तवाहिन्या आवळायला त्याहून जास्त सेकंद लागतात. या फटीत डोळ्यांपुढे अंधारी येते. ती आधी डोळ्यांतच का? कारण डोळ्याच्या गोळ्यात मुळातच १५ मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. आत शिरणाऱ्या रक्ताला त्यावर मात करावी लागते. म्हणून दाब कोसळताना दृष्टिपटल आधी उपाशी राहतं, आणि शुद्ध शाबूत असतानाच चित्र काळवंडतं.

सोलापुरात याला उन्हाचीही जोड असते. चाळिशीच्या पुढच्या उन्हात त्वचेच्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकायला सैलावतात, आणि त्याच रक्तावर पायांच्या स्नायूंचाही दावा असतो. पण आपली हवा कोरडी, हे नशीबच. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे अंगावर राहिलेलं १०० मिलिलिटर पाणी पूर्ण वाळलं, तर साठ किलोच्या माणसाने एक किलोमीटर पळून तयार केलेली उष्णता जवळपास तेवढ्यानेच निघून जाते. मुंबईच्या दमट हवेत हे पाणी नुसतं ओघळतं. टॉवेलने खसाखसा अंग पुसून पळायला जाणं म्हणजे फुकटचा गारवा फेकून देणं आहे.

आणखी एक गैरसमज म्हणजे पोहताना पाणी प्यायची गरज नसते. उलट आहे. छातीत जमलेल्या जास्तीच्या रक्ताने हृदयाच्या वरच्या कप्प्यांना ताण बसतो, आणि ते कप्पे मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक सोडतात. १९८१ साली आदोल्फो दे बोल्ड यांच्या गटाने उंदरांवर हे दाखवून दिलं. तोवर हृदयाकडे निव्वळ पंप म्हणूनच पाहिलं जात होतं. तासभर पोहल्यावर लघवीची घाई होते ती यामुळे, आणि माणूस पळायला लागतो तो आधीच थोडा कोरडा होऊन.

भाच्याने यातून काय बदललं? पोहण्याच्या शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये तो मुद्दाम किक वाढवतो, म्हणजे पोटरी-मांडीचा पंप पाण्यातच चालू होतो. काठावर झटक्यात उभा राहत नाही. पहिली शंभर पावलं छोटी आणि भरभर टाकतो. आठवड्यातून काही वेळा पोहण्याला जोडूनच पळतो, कारण हे संक्रमण शरीराला सवयीनेच जमतं. उन्हाची सवयही हळूहळू वाढवली. दहा-पंधरा दिवसांत रक्तातला द्रवाचा भाग वाढतो आणि तोच उभं राहताना कामी येतो. शर्यतीत तो कोणाला मागे टाकून पहिला वगैरे आला नाही, पण पाण्यातून पळतच बाहेर आला.

पंपाचा दुसरा पुरावा शर्यतीच्या शेवटी दिसतो. दमलेले अनेक जण कोसळतात ते धावताना नव्हे, अंतिम रेषा ओलांडून थबकल्यावर. पाय थांबले, पोटरी थांबली, उघडलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचलं. अशा वेळी आपल्याकडे गर्दी जमते, कुणी कांदा हुंगवतं, कुणी धरून बसवतं आणि तोंडात पाणी ओततं. कांद्याने शिरांतलं रक्त वर चढत नाही. बसवल्याने ते खालीच राहतं, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला आडवं करायचं आणि पाय उचलून धरायचे, गुरुत्वाकर्षण तेवढ्यात आपल्या बाजूला येतं. विहिरीवरच्या आसरांना कुणी खणानारळ वाहिला तर माझं काही म्हणणं नाही. पण चक्कर आलेल्याला उभं धरून लिंबू उतरवण्यात जाणारा वेळ मेंदूच्या खात्यातून जातो, म्हणून त्याला माझा ठाम विरोध आहे.

आडवं केल्यावर अशी चक्कर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. माणूस शुद्धीवर येईना, बरळू लागला किंवा अंग तापून भट्टी झालं, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत गार करत राहायचं आणि तातडीने दवाखान्यात न्यायचं. आणि थांबल्यावर नव्हे, तर ऐन वेगात धावताना किंवा पोहताना कुणाची शुद्ध गेली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर पोटरीला दोष देऊ नका. तिथे शंका थेट हृदयावर घ्यायची, आणि ईसीजी व टूडी इको होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत ना तलाव, ना रस्ता.