बुरशी की हेझ? लेन्समधल्या पांढऱ्या डागाचं निदान

गणपती गेले की नाशिकच्या दुरुस्तीवाल्यांकडे लेन्स यायला लागतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: “आत काहीतरी पांढरं दिसतंय.” त्या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक बुरशी, म्हणजे फोटोग्राफरांच्या तोंडचा फंगस. दुसरा हेझ, म्हणजे काचेवर बसलेली धुरकट साय. बुरशी पावसाची देणगी, हेझ उन्हाची. आपल्याकडे त्र्यंबक-इगतपुरीकडचा धो-धो पाऊसही आहे आणि चाळिशीला टेकणारा एप्रिल-मेही, त्यामुळे एकाच लेन्सला वर्षभरात दोन्ही होऊ शकतं. घोळ असा की एकावरचा घरगुती उपाय दुसरा आजार ओढवून घेतो.

बुरशी जिवंत असते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे “बुरशीवाली लेन्स शेजारी ठेवली म्हणून माझीही गेली” या भीतीत फारसा दम नाही. दोन्ही लेन्स एकाच दमट कपाटात होत्या, हे खरं कारण. बुरशीला काचेवरचा बोटांचा तेलकटपणा, धूळ, वंगणाचा अंश पुरतो. सोबत अंधार, न हलणारी हवा आणि बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर टिकलेली आर्द्रता मिळाली की ती धरते. वाढताना ती आम्ल सोडते. ते आधी कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप खातं, मग काच.

हेझ निर्जीव. फोकसच्या आट्यांना लावलेलं ग्रीस आणि आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांजवळचं वंगण तापलं की त्यातलं हलकं तेल सुटतं, त्याची वाफ होते आणि ती आतल्या काचांवर सूक्ष्म थेंबांच्या थरानं बसते. मे महिन्यात गंगापूर धरणावर गाडी उन्हात लावून बॅग डिकीत ठेवणं, हा हेझ बनवायचा हमखास रस्ता. जुन्या, ग्रीस जास्त असलेल्या मॅन्युअल लेन्समध्ये तो अधिक दिसतो, पण महागड्या झूमलाही त्यातून सूट नाही.

ओळखायचं कसं? खोलीत अंधार करा. दोन्ही टोप्या काढा. पाती पूर्ण उघडी हवीत: कॅननच्या ईएफ लेन्सची पाती कॅमेऱ्यावरून काढल्यावर उघडीच असतात, पण निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती कडी) लेन्समागची छोटी दांडी बोटानं धरून ठेवावी लागते, नाहीतर मिटलेल्या पात्यांवर उजेड पडतो आणि निदान चुकतं. आता मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं, सरळ न धरता तिरका लावा आणि पुढून बघा. झूम असेल तर दोन्ही टोकांना फिरवून बघा.

बुरशीला आकार असतो. एका ठिपक्यातून फुटलेले बारीक तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे, बहुतेक वेळा काचेच्या कडेकडून आत सरकणारे. हेझला आकार नसतो. चष्म्यावर श्वास सोडल्यावर येतो तसा सारखा दुधट पडदा, टॉर्च हलवला की सगळी काच एकदम उजळते. सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती प्रत्येक लेन्समध्ये असते, फोटोत दिसत नाही, तिच्यासाठी लेन्स उघडणं म्हणजे पैसे गोदेत सोडणं.

एक तोतया मात्र लक्षात ठेवा. एसी हॉलमधून पावसाळी अंगणात आलं की थंड काचेवर दव धरतं आणि ते हुबेहूब हेझ वाटतं. तास-दोन तासांनी पुन्हा बघा. गेलं तर दव, राहिलं तर हेझ. दव मुळात धरूच नये म्हणून बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

फोटोवरचा परिणाम लोकांना वाटतो त्याच्या उलटा असतो. कडेला लागलेली थोडी बुरशी बघायला भयंकर, पण फोटोत ती सहसा कळतही नाही. हेझ बघायला किरकोळ, पण तो पूर्ण काचेवर पसरलेला असल्यानं उजेड विखुरतो, काळा रंग राखाडी होतो, आणि रामकुंडावर संध्याकाळच्या दिव्यांसमोर फोटो काढला की सगळी फ्रेम धुतल्यासारखी येते. घाईच्या बाबतीत गणित पुन्हा फिरतं. बहुतेक हेझ महिनाभर थांबू शकतो. बुरशी थांबत नाही. पावसाळ्यात दिसलेली बुरशी दिवाळीनंतर बघू म्हटलं, तर मधल्या काळात ती पुसण्याच्या पलीकडे जाऊ शकते.

कारागीर लेन्स उघडून बुरशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण वापरतात, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काच साफ करतात. पुसल्यानंतरही तंतूंची नक्षी काचेवर तशीच दिसत असेल, तर कोटिंग खाल्लं गेलंय. ती नक्षी कुठल्याच द्रवानं जात नाही. हेझ बहुतेक वेळा अल्कोहोलनं निघतो, पण नुसती काच पुसून लेन्स परत देणारा कारागीर अर्धंच काम करतो. जुनं ग्रीस पूर्ण काढून नवं, बेताचं लावलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तोच थर पुन्हा बसतो. लेन्स सोडताना हे आधी विचारून घ्या.

घरी उघडायचा मोह टाळा. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या घाटाचे असतात. नेहमीचा चार बाजूंचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं सोलून निघतं. माउंटखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, एक इकडची तिकडे झाली तरी फोकस बिघडतो. शिवाय ऑटोफोकसच्या फ्लेक्स पट्ट्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या नाजूक, लवचिक फिती. पाचशेचं काम दहा हजारांचं व्हायला एक पट्टी तुटणं पुरे.

खर्चाचं खरं उत्तर आजाराच्या नावात नसून तो कुठल्या काचेवर आहे यात असतं. पुढची किंवा शेवटची काच सोपी. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेमागची काच काढायची तर अर्धी लेन्स सुटी होते, आणि परत जोडताना काचा मध्यावर आणणं हे मजुरीतलं सगळ्यात वेळखाऊ काम. आजच्या लेन्समध्ये एकच काच सहसा मिळत नाही, एकत्र बसवलेल्या काचांचा पूर्ण गट घ्यावा लागतो. बुरशी कंपनीच्या वॉरंटीतही सहसा बसत नाही, ती वापरणाऱ्याची हयगय धरली जाते.

हिशेबासाठी आकडे धरू. स्वच्छ अवस्थेत ५०,००० ला विकली जाणारी लेन्स बुरशीमुळे ३०,००० वर आली. साफसफाई ६,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. बिनधास्त करून घ्या. पण कोटिंग गेलंय आणि गट बदलायचा, समजा २२,००० चा, तर मजुरीसह २८,००० आणि कर मिळून ३३,०४० होतात. तेव्हा तीच लेन्स डागासकट वापरणं किंवा विकणं शहाणपणाचं. म्हणून अंदाजपत्रक घेताना साफसफाई आणि गट बदलणं यांचे आकडे वेगवेगळे मागा, आणि न जमल्यास तपासणीचे किती कापणार तेही.

आता घरगुती उपायांचा घोळ. बुरशी मरेल म्हणून लेन्स गच्चीवर उन्हात ठेवतात. मेलेली बुरशीही काचेवरच राहते, ग्रीस तापून हेझची सुरुवात होते, आणि भिंगातून ऊन एका बिंदूवर आलं तर खालचं कापड पेटायचीही भीती. डांबरगोळ्या कपाटात ठेवल्या तर त्यांची वाफ काचेवर थर धरू शकते. ओल शोषेल म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली तर पीठच जास्त, उपयोग नगण्य.

त्यापेक्षा भांडी बाजारातून रबरी कडेचा हवाबंद डबा आणा. साधारण दहा लिटरच्या डब्याला १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की ते सुकवायला ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, आणि त्यासाठी स्वयंपाकाचा ट्रे वापरू नका, निळ्यात कोबाल्ट असतं. सोबत छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारं यंत्र, हवाच. पूर किती चढला हे जसं दुतोंड्या मारुतीकडे बघून कळतं, तसं डब्यातलं त्या काट्याकडे बघून. ४० ते ५० टक्के ठेवा. तीसच्या खाली उतरवायची गरज नाही.

झूम लेन्सकडे जास्त लक्ष द्या. लांब-आखूड होणारी झूम भात्यासारखी हवा आत ओढते. नांदूर मध्यमेश्वरला धुक्यात सकाळभर पक्ष्यांमागे झूम फिरवली, की दमट हवा आतपर्यंत पोचते. सांध्यांना रबरी सील असलेल्या लेन्समध्ये ती आत यायला उशीर लागतो, पण बाहेर पडायलाही तितकाच. घरी आल्यावर बॅगेत कोंबू नका. पुसून, पंख्याखाली तासभर, मग डब्यात. सिंहस्थातली नाशिकची शाही स्नानंही ऐन पावसाळ्यात येतात, २०१५ ला ती २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होती. त्या गर्दीत भिजलेली चामड्याची पिशवी त्याच रात्री रिकामी करावी, कारण ओलं चामडं बुरशीचं आवडतं घर.

जुनी लेन्स विकत घेताना टॉर्च स्वतःचा न्या. विकणारा “आत थोडी धूळ आहे” म्हणाला, तर कडेला तंतू आहेत का एवढंच बघा. आणि काचेच्या कडेला इंद्रधनुषी, तेल सांडल्यासारखा पट्टा दिसला, तर ती बुरशीही नाही आणि हेझही नाही. दोन काचा चिकटवणारा गोंद सुटलाय. तो पुसून जात नाही, ती लेन्स खाली ठेवून द्या.