जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट सिस्ट: वंश कशावर उभा करायचा?

डायनोफ्लॅजेलेट हे पाण्यातले एकपेशीय जीव; त्यांच्या विश्रांती अवस्थेचे टिकाऊ कवच म्हणजे सिस्ट. असे जीवाश्म सिस्ट, म्हणजे चकमकीच्या दगडातले काटेरी सूक्ष्मगोल, १८३०च्या दशकातच दिसले आणि चुकून गोड्या पाण्यातल्या शैवालांत धरले गेले. पुढे शंभरहून अधिक वर्षे वंश काट्यांवरून ठरत राहिले. १९६१ साली सिस्टच्या भित्तीतल्या छिद्राचा अर्थ लागला: ती मोडतोड नसून पेशी बाहेर पडण्याचे दार आहे, आर्किओपाइल, आणि ते पोहणाऱ्या पेशीच्या आवरणातल्या ठरावीक पट्टिकांशी जुळते. ज्यांची ओळख पटेना, त्यांच्यासाठी १९६३ साली अ‍ॅक्रिटार्क हा गट झाला.

तेव्हापासून वर्णनात आर्किओपाइल आधी येते: कोणती पट्टिका निघते, किती निघतात, झाकण सुटते की चिकटून राहते. स्पिनिफेराइट्स या वंशात मेखलेच्या (पेशीच्या मध्याभोवतीच्या आडव्या पट्ट्याच्या) वरच्या ओळीतली तिसरी पट्टिका निघते आणि काटे पट्टिकांच्या सांध्यांवर असतात. लिंग्युलोडिनियममध्ये त्याच ओळीतल्या एक ते पाच पट्टिका निघतात. दार पाठीकडे असते. नमुन्याची पोटाकडची बाजू वर आली असेल तर सूक्ष्मदर्शकाचा फोकस आरपार नेल्याखेरीज ते निसटते. काट्यांची लांबी मात्र फसवी. लिंग्युलोडिनियमचे काटे कमी क्षारतेत आखूड होतात, त्यामुळे एवढ्यावरून नवे नाव देणे धोक्याचे.

खरा गुंता नावांचा आहे. १९६०च्या दशकात जिवंत सिस्ट उबवून पाहिल्यावर स्पिनिफेराइट्समधून गोनिओलॅक्स या जिवंत वंशाच्या पोहणाऱ्या पेशी निघाल्या. मग एका जिवाला दोन नावे का? उलट दिशेनेही घोळ झाला: लिंग्युलोडिनियम हा वंश १९६७ साली जीवाश्मावरून वर्णिलेल्या जातीवर बांधला गेला, आणि १९८९ साली गोनिओलॅक्समधली एक जिवंत जाती त्यात हलवली गेली. एकच नाव हवे म्हणणाऱ्यांचा मुद्दा जीवशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. पण गोनिओलॅक्स स्पिनिफेरा या संकुलातल्या (जवळच्या जातींच्या गटातल्या) पेशींशी स्पिनिफेराइट्स, निमॅटोस्फिरॉप्सिस आणि बायटेक्टॅटोडिनियम अशा वेगवेगळ्या वंशांचे सिस्ट जोडले गेले आहेत. ते सारे एका नावाखाली घातले तर खडकातला तपशील पुसला जाईल. शिवाय बहुतेक नामशेष सिस्टची पोहणारी अवस्था कधीच मिळणार नाही. म्हणून सिस्टचे नाव वेगळे राखणेच योग्य.

नवा वंश मांडताना नमुना कसा तयार केला हेही सांगावे लागते. खनिजे हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवतात. नंतर ऑक्सिडीकरण तीव्र झाले तर प्रोटोपेरिडिनियमसारख्या गटाचे तपकिरी सिस्ट आधी नष्ट होतात आणि यादी एकांगी दिसते. १९१२पासून जीवाश्म नावासोबत चित्र, तर १९९६पासून लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन सक्तीचे आहे. चित्रात आर्किओपाइल दिसत नसेल, तर पुढच्या अभ्यासकाला मूळ स्लाइडच मागवावी लागते.