गुपित (ग्वाल्हेर)

गुपित म्हणजे मोजक्या माणसांपुरती जाणूनबुजून राखलेली गोष्ट. कोणी विचारलेच नाही म्हणून सांगायची राहिली, ते गुपित नव्हे. गुपिताला राखणदार लागतो. मराठीत ते पोटात ठेवतात, राहवले नाही की ओठांवर येते आणि तिसऱ्या माणसापाशी पोचले की षट्कर्णी होते: दोघांचे कान चार, तिसऱ्याचे धरून सहा. फुटण्याची धास्ती भाषेत अशी मुरलेली आहे. राखणदाराबरोबर गुपितही जाते, ही दुसरी भीती म्हणींत क्वचितच सापडते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना ती शिंद्यांच्या गंगाजळीमुळे ठाऊक आहे.

गंगाजळी म्हटले की आज परकीय चलनाचा साठा आठवतो. पण गंगाजळी मुळात देवघरातली. काशीहून आणलेला तांब्याचा इवलासा गडू, तोंड डाख देऊन बंद केलेले. आतले पाणी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. घरातले कोणी शेवटच्या घटका मोजू लागले की तो फोडायचा आणि पळीभर पाणी तोंडात घालायचे. एरवी हात लावायचा नाही. अडीनडीसाठी राखलेल्या राजकोषाला याहून चपखल नाव मिळाले नसते.

शिंद्यांचा हा कोष ग्वाल्हेरच्या किल्ल्यात होता. त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्या खुणेला बीजक म्हणत आणि ते बापाने मुलाला सांगायचे, अशी रीत सांगतात. 1858 पासून किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. तो 1886 मध्ये परत मिळाला आणि त्याच वर्षी महाराज जयाजीराव शिंदे वारले. त्यांचे पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचे राहून गेले. पुढे शोधाशोध करून कोठारे सापडल्याच्या कथा ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात अजून ऐकू येतात. पण त्यांतल्या सोन्यानाण्यापेक्षा ते न झालेले बोलणेच जास्त चटका लावते.

याच गावात गाणेही गुपितासारखे राखले जाई. नामांकित गवई बडे महंमदखाँ यांची तान हद्दूखाँ-हस्सूखाँ या गवई भावांनी दरबाराच्या आश्रयाने, आडोशाला बसून ऐकून उचलली, अशी आख्यायिका आहे. घराण्याची खास चीज, म्हणजे बंदिश, परक्याला सहजी मिळत नसे. राखण्यातला तो जिव्हाळा खरा होता, आणि वही नसताना चीज शुद्ध राहिली ती त्यामुळेच. तरी ही ग्वाल्हेरची गायकी तगली ती देणाऱ्यांमुळे. वासुदेवबुवा जोशींनी ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना दिली, बुवांनी मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकरांना, आणि पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती कोणालाही शिकता येईल अशी केली. 1918 मध्ये खुद्द ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय उघडले. तिथे संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पद्धतीने चिजा स्वरलिपीत फळ्यावर लिहून शिकवू लागले.