कंदिलाची काजळी आणि परतणारं रॉकेट

जूनमध्ये मासेमारीबंदी लागली की गोव्यातल्या बेतीजवळच्या मालीम जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. ६१ दिवस. जेटी मात्र गजबजलेली असते. कुणी तळाला चिकटलेले शिंपले खरवडतंय, कुणी इंजिन उघडून बसलंय. १ ऑगस्टला दर्यात उतरायचं तर हे आत्ताच उरकायला हवं.

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटबद्दल वाचताना मला ही जेटी आठवते. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे खालचा भाग, डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच जमिनीवर उभा उतरला, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं. पण उतरलेलं रॉकेट परत निघणार कधी? खरी कसोटी तिथे आहे. अमेरिकेचं स्पेस शटलही परत येत होतंच. १९८१ ते २०११ या काळात त्याची १३५ उड्डाणं झाली. पण दर फेरीनंतर उष्णतारोधक फरश्या हजारोंच्या संख्येने तपासायच्या, इंजिनं काढून पाहायची, यात महिने जात आणि पैसाही पाण्यासारखा जाई.

आता इंधनाकडे येऊ. पेडण्याच्या आमच्या घरी पावसात वीज गेली की आजी कंदील लावायची. वात जरा वर गेली की काच काळी. सकाळी आजी राख घेऊन ती काच घासत बसायची, आणि बोटं आत पोचतात म्हणून ते काम पुष्कळदा माझ्याकडे यायचं. फाल्कनच्या मर्लिन इंजिनात जळतं ते याच रॉकेलचं अतिशुद्ध रूप. काजळी तिथेही धरते, आणि रॉकेटच्या अरुंद नळ्या काही राखेने घासता येत नाहीत.

म्हणून नव्या इंजिनांचा ओढा मिथेनकडे आहे. मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, त्यामुळे काजळी फारच कमी. द्रव मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो आणि तो जाळायला लागणारा द्रव ऑक्सिजन उणे १८३ ला. दोघांची थंडी जवळपास सारखी, म्हणून टाक्या शेजारी ठेवणं सोपं जातं. द्रव हायड्रोजन हेही रॉकेटचं इंधन, पण त्याला उणे २५३ लागतं, शिवाय टाकी अवाढव्य. स्पेसएक्सच्याच स्टारशिप या नव्या रॉकेटचं रॅप्टर इंजिन मिथेनवर चालतं. जुलै २०२३ मध्ये चीनच्या झुचे-२ ने मिथेनच्या जोरावर कक्षा गाठली, तसं करणारं ते पहिलंच रॉकेट. इस्रोच्या पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा परत आणायचा आहे आणि त्यालाही मिथेनच.

वरच्या टप्प्याचं दुखणं वेगळं. खालचा टप्पा ताशी सात-आठ हजार किलोमीटरवर सुटा होतो, तर कक्षेतलं यान ताशी सुमारे २७,००० ने धावत असतं. वेग साडेतीनपट, म्हणजे दर किलोमागे ऊर्जा बारापट. परत येताना ही सगळी ऊर्जा उष्णता बनून बाहेर पडते.

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या चळ्ळकेरेला, २०२३-२४ मध्ये इस्रोचं पंख असलेलं ‘पुष्पक’ यान तीनदा हेलिकॉप्टरमधून सोडलं गेलं. साडेचार किलोमीटर उंचीवरून तिन्ही वेळा ते आपलं आपण धावपट्टीवर येऊन थांबलं. शेवटच्या वेळी तर ते मुद्दाम बाजूला नेऊन सोडलं होतं, तरी त्याने वाट सुधारून पट्टीचा मध्य गाठला. टेकताना वेग ताशी ३२० किलोमीटर. पुढची चाचणी आहे ती कक्षेतून, त्या बारापट उष्णतेतून, परत येण्याची.