एडिनबरा ट्राम : न्यूहेवन विस्तार

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथील लाइट रेल (ट्राम) मार्गाचा, शहराच्या मध्यभागातून लीथ बंदरमार्गे न्यूहेवनपर्यंत वाढवलेला भाग. सुमारे ४.७ किमी. लांबीचा आणि आठ थांब्यांचा हा भाग ७ जून २०२३ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. विमानतळापासून येणारा मूळ सुमारे १४ किमी.चा मार्ग त्यामुळे सुमारे १८.५ किमी.चा झाला.

लीथला ट्राम नवी नव्हती. लीथ ही १९२० पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती आणि तिच्या ट्राम १९०५ पासून विजेवर धावत, तर एडिनबराच्या ट्राम रस्त्याखालील फिरत्या तारदोराने ओढल्या जात. म्हणून १९२२ पर्यंत प्रवाशांना पिलरिग येथे हद्दीवर उतरून गाडी बदलावी लागे. १९५६ च्या नोव्हेंबरात शहरातील जुनी ट्रामसेवा बंद पडली. नव्या ट्रामचा मूळ आराखडा न्यूहेवनपर्यंतचाच होता आणि त्यासाठी लीथ वॉक हा रस्ता खोदून त्याखालच्या पाणी, गॅस इत्यादींच्या वाहिन्या हलवण्याचे कामही झाले होते. परंतु खर्च आणि कंत्राटातील वाद हाताबाहेर गेल्याने २०११ मध्ये मार्ग शहराच्या मध्यभागातील यॉर्क प्लेसपर्यंतच थांबवण्यात आला. सुमारे ७७ कोटी ६० लाख पौंड खर्चून तो मे २०१४ मध्ये सुरू झाला. लीथकरांच्या वाट्याला खोदकाम आले, ट्राम आली नाही. हा रोष रास्त होता आणि विस्ताराचा प्रत्येक निर्णय त्याच्या छायेत झाला.

शहराच्या जुन्या रस्त्यातून ट्राम नेताना रूळ टाकणे हा कामाचा सोपा भाग असतो. वेळ आणि पैसा खातो तो रस्त्याखालचा पसारा. रूळ काँक्रीटच्या थरात बसवलेले असल्याने त्यांच्याखाली जलवाहिनी किंवा गॅसवाहिनी राहिली, तर तिच्या दुरुस्तीसाठी पुढे ट्रामच बंद ठेवावी लागते. शिवाय वरच्या तारेतून घेतलेला ७५० व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह रुळांतून परततो. त्याची गळती झाल्यास जवळचे धातूचे नळ गंजतात. पहिल्या टप्प्यात वाहिन्या हलवण्याचे कंत्राट वेगळे होते, रूळ टाकण्याचे वेगळे; एक काम रखडले की दुसरे अडे. मार्च २०१९ मध्ये नगर परिषदेने विस्ताराला मंजुरी दिली, तेव्हा ही पद्धत बदलली गेली. कंत्राटदाराला प्रत्यक्ष बांधकामापूर्वी काही महिने नियोजनात सहभागी करून घेतले गेले. नंतर रस्त्याचा मोठा पट्टा एकदाच खोदायचा, वाहिन्यांपासून रुळांपर्यंतची कामे उरकायची आणि मगच तो बुजवायचा, असे ठरले. यात व्यापाऱ्यांची गैरसोय दीर्घकाळ होते, तरीही तोच रस्ता पुन्हापुन्हा उकरण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

सर्वांत अवघड पट्टा कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटचा ठरला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा अरुंद रस्ता साउथ लीथ चर्चच्या जुन्या दफनभूमीचा काही भाग व्यापून काढला गेला असावा, अशी अभ्यासकांची अटकळ होती. खोदकाम सुरू होताच ती खरी ठरली. चौदाव्या ते सतराव्या शतकांतील साडेतीनशेहून अधिक लोकांचे अवशेष रस्त्याच्या पृष्ठभागाखाली सापडले. पुरातत्त्वज्ञांनी ते काळजीपूर्वक काढून अभ्यासासाठी नेले आणि काही कवट्यांवरून त्या माणसांचे चेहरेही पुन्हा घडवण्यात आले. येथेच देवमाशाची हाडेही मिळाली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे काम काही काळ थांबले.

एवढे होऊनही विस्तार ठरलेल्या २०७.३ दशलक्ष पौंडांच्या अंदाजपत्रकाच्या आसपासच पूर्ण झाला. मूळ मार्गासाठी घेतलेल्या २७ गाड्या वाढीव अंतरालाही पुरेशा असल्याने नव्या गाड्यांचा खर्च वाचला. लीथ वॉकवरील सायकलमार्ग मात्र जागोजागी तिरके वळसे घेत आखला गेल्याने त्यावर बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. प्रवाशांची वर्षभरातील संख्या २०१९ मध्ये सुमारे ७५ लाख होती. २०२४ मध्ये ती १ कोटी २० लाखांच्या घरात गेली.

यापुढे उत्तरेकडील ग्रँटनपासून दक्षिणेकडील रुग्णालय व वैद्यकीय संशोधन संकुलापर्यंत दुसरा मार्ग नेण्याचा प्रस्ताव आहे. तो रोझबर्न येथील जुन्या रेल्वेच्या पट्ट्यातून, म्हणजे आज झाडीने वेढलेल्या पायवाटेवरून न्यावा, की वाहत्या रस्त्यांवरून, यावर २०२५ मध्ये नागरिकांची मते मागवण्यात आली.