एक बटण, तीन फायली

वेबपानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये, हालचाल जावास्क्रिप्टमध्ये: ही विभागणी रूढ झाली ती नव्वदच्या दशकातल्या फॉन्ट टॅगला (रंग-अक्षर मजकुरातच लिहायची खूण) वैतागून. शीर्षकाचा रंग बदलायचा तर एकेक पान उघडावं लागे. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. पुढे 'सेपरेशन ऑफ कन्सर्न्स' (वेगवेगळ्या बाबी वेगळ्या ठेवणं) ही शिस्त इतकी अंगवळणी पडली की टॅगमध्येच ऑनक्लिक (दाबल्यावर काय व्हावं तो कोड) लिहिणाऱ्याची कोड रिव्ह्यूत खरडपट्टी निघे.

मे २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट हे वेबपानं बांधायचं साधन सगळ्यांसाठी खुलं झालं आणि जावास्क्रिप्टच्या पोटात पुन्हा टॅग दिसले. अनेकांनी नाकं मुरडली. समर्थकांचं म्हणणं: तुम्ही भाषा वेगळ्या केल्यात, कन्सर्न नाही. मला ते पटतं. 'डिलीट' बटण घ्या. टॅग एका फायलीत, रंग दुसरीत, आणि तिसरीत जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी क्लासच्या (टॅगला लावलेल्या लेबलाच्या) नावावरून ते बटण शोधतेय. कोणी पहिल्या दोन फायलींत क्लासचं नाव बदललं, तिसरी राहिली. बटण दिसतं झकास, पण दाबलं तर ढिम्म. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एररही नाही, कारण काही सापडलं नाही तर जेक्वेरी मुकाट बसते. फायली तीन, गुंता एकच.

घोळ मुळात 'कन्सर्न' या शब्दातच आहे. (मराठीत 'चिंता' म्हटलं की आणखीच वाट लागते.) १९७४ च्या ज्या टिपणातून 'सेपरेशन ऑफ कन्सर्न्स' आलं, त्यात फायलींचा विषयच नाही, प्रोग्राम बरोबर आहे का आणि वेगवान आहे का, हे एकेक करून तपासावं, अशी ती विचाराची शिस्त होती. प्रोग्रामचे मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र तुकडे, कसे पाडावेत यावरचा निबंध त्याआधीचा, १९७२ चा. ओळींतले शब्द फिरवून वर्णानुक्रमे यादी करणारा छोटा प्रोग्राम त्यात दोन प्रकारे मांडलाय. कामाच्या पायऱ्यांनुसार तुकडे पाडले, तर ओळी मेमरीत कशा ठेवल्या हे सगळ्यांना ठाऊक असावं लागतं. ती मांडणी बदलली की सगळेच मॉड्यूल हलतात. म्हणून बदलू शकणारा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये झाकायचा. भाषेनुसार वाटणी हा निकष तिथेही नाही.

व्ह्यू या तशाच दुसऱ्या वेबपानं बांधायच्या साधनाने तर टेम्प्लेट, स्क्रिप्ट आणि स्टाइल एकाच फायलीत घेतली. त्यावर फार ओरड झाली नाही. ओरड झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, एका परिषदेतल्या स्लाइडवर बटणातच एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) दिसली तेव्हा. पानातच एसक्यूएल लिहायची जुनी सवय असलेल्या पीएचपीवाल्यांनी हसून घेतलं.